अर्धा कोयता

लिंबागणेश,
५ ऑक्टोबर २०२४

चि. वत्सला,
तुला आन तुझ्या लेकीला, आरोहीला आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू नुसती हूं हूं करतीस, म्हणून लिवते. उत्तरेश्वर मुकादम ऊसतोडीची टोळी भराया आलता. मला म्हनला, कडब्याचं ओझं घेऊन ट्रॉलीवर चढून दाखव. चढले. तरी म्हनला, बाई, तुमचं वय झालं, अभिमन्यूसंगं जवान बाई द्या. तुझ्या दाजींना बावन्नावं लागलंय, ते कुणी इचारत न्हाई. मी सेहेचाळीसची म्हातारी! अठराव्या वर्सी ह्याच्याच बापानं मला पोर म्हणून अर्ध्या मजुरीवर अर्धा कोयता धरलं, मोळ्या मात्र पुऱ्या वाहाया लावल्या. बरोबर वयाची मी कधी होते, कळलंच न्हाई.

जोडी असली तरच पुरा कोयता. नवरा गेल्यापून तुला एकटीला कुणी धरंना. तवा ह्यांच्यासंगं तूच जा. आरोही माझ्याकडं राहील, शाळा बुडणार न्हाई. ऱ्हायाला खोप्या दोन घाला. तुझ्या हाताला चव न्हाई, ह्यांना उपाशी मारू नको.

लोभ हायच, कामात ढिली पडू नको.
तुझी ताई,
सत्यशीला

कारखान्याचा तळ,
९ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा फोन वाजतो, पण उचलायचा धीर होत न्हाई. थंडीत माझी खोपी वाऱ्यानं पडली. दाजी म्हनले, माझ्याच खोपीत राहा. ताई, मला दिवस गेलेत. मुकादमानं पुढल्या सालालाबी आमचाच कोयता धरलाय.

दाजी म्हनत्यात, तुला इसरायचं न्हाई. टोळीत लेकरं सांभाळाया, भाकरी थापाया म्हातारं माणूस लागतंच. तू ये.

आरोहीला पापा. पाया पडते, माया तोडू नको.
तुझी,
वत्सला

लिंबागणेश,
२० फेब्रुवारी २०२५

वत्सला,

माझा चष्मा सापडंना, म्हणून तुझं पत्र आरोहीनं वाचून दाखवलं. 'दिवस गेलेत' तिनं दोनदा वाचलं. पापा तिला पोचला. तवापून ती जेवत न्हाई.

अभिमन्यूला सांग, घराचं कुलूप बदललंय.

भाकरी थापाया मी येणार न्हाई. तुझं लेकरू मोठं होऊन अर्ध्या कोयत्यात उभं राहील, त्या साली मुकादम तुला म्हनल, ओझं घेऊन चढून दाखव. तू चढशील. तरी तो जवान बाई मागंल. अभिमन्यूचं वय तवाबी कुणी इचारणार न्हाई.

तवर मी मरत न्हाई. बघाया येणार हाय.

लोभ तुझा तुझ्यापाशी ठेव.
सत्यशीला