वेल्डिंगच्या वर्गाची टक्केवारी

प्रिय ताई,

तुला वाकून नमस्कार, दाजींनाही. त्यांचा गुडघा आता कसा आहे? (माझा ठीक आहे. कुणी विचारत नाही, म्हणून आपणहून सांगतो.)

पंधरा दिवस झाले, मी शिक्षण खात्याच्या तपासणीसाठी इथल्या तांत्रिक शाळेत ठाण मांडून बसलोय. नववीत वेल्डिंगला आलेल्यांपैकी किती जण चार वर्षांत वेळेवर पास होऊन बाहेर पडतात, ते मोजायचं. पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेलं की वर्ग बंद. काम सोपं वाटलं. यंदा पास झालेले एकतीस, शेवटच्या वर्गात तीस, उत्तर एकशे तीन टक्के! मी खुशीत चहा मागवला. वेल्डिंगच्या मास्तरांनी कागद उजेडात धरून पाहिला (हा माणूस घरी भाजीसुद्धा उजेडात धरून पाहत असेल) आणि म्हणाले, "साहेब, वरचे तीन टक्के काय मी वेल्डिंग करून जोडले?" गेल्या वर्षी नापास झालेले दोघं मी यंदाच्यांत घातले होते.

मग मास्तरांनीच मला मोजायला शिकवलं. शेवटच्या वर्गापासून नाही, नववीच्या पहिल्या दिवसाच्या हजेरीपासून. तेव्हा होते चाळीस, त्यांतले वेळेवर पास एकोणतीस. साडेबहात्तर टक्के. वर्ग बुडाला, आणि बुडवला कुणी, तर मास्तरांनीच! आता वाट एकच. मूल दुसऱ्या शाळेत गेल्याचा कागद असेल, तर ते चाळिसातून वजा होतं. नसेल, तर त्याने शिक्षण सोडलं असं धरतात. दुसऱ्या शाळेत गेलेली, पण कागद नसलेली दोन मुलं आहेत, असं मास्तरांचं म्हणणं. एकाच्या कागदासाठी ते रविवारी दोन बस बदलून त्याच्या घरी गेले आणि घेऊनच आले. (मीही निघालो होतो, पण भलत्याच बसमध्ये बसलो आणि संध्याकाळी इथेच उतरलो.)

आता झाले चौऱ्याहत्तर पूर्णांक छत्तीस. मी म्हटलं, "मास्तर, पंचाहत्तरच की हो!" त्यांनी कपाटातून पाइपचा एक जोड काढला. त्यात केसाएवढी फट होती. "यातून पाणी सोडा, मग सांगा." ताई, ज्याचा वर्ग बंद होणार, तोच माणूस माझी पेन्सिल धरून ठेवतो! बावीस वर्षांच्या नोकरीत मी असा माणूस पाहिला नाही.

तुझा,
धाकटा भाऊ

ता. क. : राहिलेलं दुसरं मूल म्हणजे तुझी धाकटी. तुम्ही गाव बदललंत, पण कागद पाठवला नाहीत. शाळेच्या तीन पत्रांना उत्तरही नाही. पोरगी तिकडे रोज शाळेत जातेय आणि इथे आम्ही तिला शिक्षण सोडलेल्यांत मोजतोय. तिच्या नव्या शाळेचा दाखला शुक्रवारच्या आत हवा.

पुन्हा ता. क. : पालकांच्या आळशीपणावर मास्तर बोलले, तेव्हा मी जोरजोरात मान हलवली. नातं सांगितलं नाही. पण दाखला आला नाही तर ते स्वतः तुझ्या दारात येणार आहेत. काल त्यांनी तुमचा नवा पत्ता शोधायला सांगितला, आणि मी कुठेही न बघता घडाघडा सांगून बसलो.