आकळु म्हणजे गाय

अणदूर
१६ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप वसंतराव गुरुजींना शिवरंजनीचा साष्टांग नमस्कार.

पत्र पाहून नवल वाटेल. फोन करता आला असता, पण फोनवर तुम्ही समोरच्याला बोलू देत नाही आणि मला यावेळी पुरतं बोलायचं आहे. तुमचा गुडघा आता कसा आहे? लोहाऱ्यात यंदा गारठा फार म्हणतात. इकडं तुरीच्या राशी चालल्यात. पौषातली नळदुर्गची यात्रा नुकतीच झाली, त्यामुळं वर्गात निम्मीच मुलं, आणि तीही रेवड्या चघळत बसलेली.

सव्वीस जानेवारीची पत्रिका मिळाली असेल. तुमचं नाव सगळ्यात वर, ठळक अक्षरात आहे. मागं 'आदर्श शिक्षक' छापलंय, ते सरपंचांच्या आग्रहानं.

दिवाळीनंतर तुम्ही आमच्या संगणक खोलीचं उद्घाटन केलंत. ज्या शाळेत तुमची निम्मी नोकरी गेली, तिथंच आता मी शिकवते, याचं तुम्ही कौतुक केलंत. मी कुणाची कोण, हे मात्र विचारलं नाहीत. पहिलीतली सोनाली संगणकापुढं बसली होती. पडद्यावर चार चित्रं यायची, आतून एक आवाज शब्द म्हणायचा, तिनं त्या चित्रावर बोट ठेवायचं. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. मग माईक घेऊन म्हणालात, "इतके स्वच्छ उच्चार आजकाल मास्तरांचेही राहिले नाहीत. हा माणूस मला दाखवा. मी माझ्या हातानं त्याच्या अंगावर शाल घालीन." लोकांनी टाळ्या वाजवल्या, सरपंचांनी तिथंच तारीख ठरवून टाकली. मी मान खाली घालून हसत होते. तुम्हाला वाटलं, मी लाजले.

ते सॉफ्टवेअर फुकटातलं आहे, गुरुजी. लोहाऱ्याच्या प्रशिक्षणात एका मास्तरांनी पेनड्राइव्हवर घालून दिलं. नेट लागत नाही, जुन्या संगणकावरही चालतं. आणि ज्यांनी ते केलंय त्यांनी त्याला कुलूप घातलेलं नाही. आतला आवाज काढून कुणीही आपल्या माणसाचा आवाज घालावा. आधी त्यात शहरातल्या एका बाईंचं गोड मराठी होतं. पण आमच्या पहिलीतल्या निम्म्या घरांत कानडी बोलतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ती पोरं त्या गोड आवाजापुढं तोंडात मिठाची गुळणी धरून बसायची. मग मी दोन्ही भाषांत शब्द भरून घ्यायचं ठरवलं. आधी कानडी, मागून मराठी. बरोबर आलं की आवाज म्हणतो, 'भाळ छलो', म्हणजे लई झ्याक. चुकलं की म्हणतो, 'इन्नोम्मे', म्हणजे पुन्हा एकदा. तो कधी ओरडत नाही. उद्घाटनाच्या दिवशी मी मुद्दाम नुसतं मराठी लावलं होतं. तुम्हाला आधी आवाज आवडायला हवा होता.

तो आवाज माझ्या धाकट्या भावाचा आहे. आमच्या गोठ्यात बसून भरला. आधी तो तयारच नव्हता. घरात आमच्याशी आणि म्हशींशी भरभरून बोलतो, पण उंबऱ्याबाहेर त्याचा शब्द कुणी ऐकलेला नाही. बाजारात बोट दाखवून वस्तू घेतो. त्यानं एवढंच विचारलं, यात माझं तोंड दिसणार का? नाही म्हटल्यावर बसला. एकेक शब्द मनासारखा येईपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

आता तुम्हाला आठवायला लागलं असेल. नसेल, तर मी आठवण देते.

तो पहिलीत, मी तिसरीत, दोन्ही वर्ग एकाच खोलीत. भिंतीवर प्राण्यांचा तक्ता होता. तुम्ही छडी गाईवर ठेवून विचारलंत, हे काय? तो आनंदानं म्हणाला, "आकळु." वर्ग हसला. तुम्ही एक थोबाडीत दिलीत आणि पुन्हा विचारलंत. तो रडत पुन्हा तेच म्हणाला, कारण आमच्या दारात जी बांधलेली होती तिला आम्ही आकळुच म्हणायचो. मी उठून सांगितलं, "गुरुजी, आकळु म्हणजे गाय." म्हणजे तुम्हाला कळलं होतं. तरी तुम्ही त्याला शाळा सुटेपर्यंत तक्त्याखाली उभं केलंत. दुसऱ्या दिवशी विचारलंत तेव्हा त्यानं तोंड उघडलं नाही. तेव्हा म्हणालात, "हा मुका आहे, आणि ही मुक्याची बहीण त्याची वकील." पुढं हजेरीतही तेच. वर्षाच्या आत त्यानं शाळा सोडली, पण ते नाव त्याला सोडून गेलं नाही. गाव अजून त्याला मुक्याच म्हणतं. मुलीकडचे पाहायला आले तेव्हा तिच्या मामांनी मला बाजूला घेऊन विचारलं, पोरगा जन्मापासून असा आहे का? ते स्थळ परत फिरकलं नाही. पुढं दुसरं आलंही नाही.

मला तुमचा राग आहे, गुरुजी. डी.एड. करताना होता, बदली मागून या शाळेत आले तेव्हा होता, आणि आता हे लिहितानाही आहे.

शाल कोण घालणार, हे मी त्याला सांगितलं. तो धार काढत होता, थांबला. आम्ही घरात कानडीच बोलतो, पण हे तो मराठीत बोलला.

"त्येनी माजं नाव घेतलं तर येतो."

म्हटलं, "कुठलं नाव?"

"आईनं ठिवलेलं."

तेव्हा पाठ करून या. ईरण्णा शरणबसप्पा. तुमच्या हजेरीत होतंच, तुम्ही कधी वाचलं नाहीत. माईकवर, गावासमोर, सावकाश म्हणायचं. ज्यांनी तुमच्या तोंडून ते दुसरं नाव उचललं, ते सगळे समोर बसलेले असतील.

शालीच्या आधी एक छोटा कार्यक्रम आहे, तो पत्रिकेत नाही. पाहुण्यांनी संगणकापुढं उत्तरं द्यायची. यावेळी मी नुसतं कानडी लावणार आहे. पहिला शब्द आकळु येईल. तो तुम्हाला आलाच पाहिजे, त्याच्याच तोंडून दोनदा ऐकलाय तुम्ही. पुढचे मी सांगत नाही. चुकलात तर माझा भाऊ आतून म्हणेल, इन्नोम्मे. कितीही वेळा चुका, तो तेवढ्याच मायेनं म्हणेल. पोरं हसली तर मात्र मी त्यांना गप्प करणार नाही.

गुडघ्याचं कारण काढून घरी बसायचा विचार येईल. या पत्राची नक्कल मी ठेवली आहे. तुम्ही आला नाहीत, तर तुमच्या जागी माईकवर मी ती वाचेन, पहिल्या ओळीपासून.

संगणक कुठं ठेवलाय हे उद्घाटनाच्या गडबडीत तुमच्या ध्यानात आलं नसेल. तक्ता होता, त्याच भिंतीला. तिथं खुर्ची ठेवायची नाही, असं मी शिपायाला सांगून ठेवलंय.

वाट पाहते.

आपली,
मुक्याची बहीण