जहाजाचं न गायलेलं कडवं

सर, फळ्यावर डोलकाठी ओढताना तुमचा खडू किंचाळायचा, तो आवाज आज सकाळपासून कानात आहे. आम्ही कानांवर हात ठेवून हसायचो. तुम्ही खडू आडवा करून एका झपाट्यात शीड भरायचात आणि म्हणायचात, "हं, हाकारा!" मग सगळा वर्ग बाकांवर ताल धरून त्या जुन्या इंग्रज व्यापारी जहाजाचं चरित्र गायचा, तुम्हीच रचलेलं. लिव्हरपूलला बांधणी, मग वेस्ट इंडीजची साखर, मग मुंबईला येऊन कापूस, शेवटी आयर्लंडच्या खडकांवर आपटून फुटणं. प्रत्येकाचं एकेक कडवं. तुम्ही कडव्यांना आकडे घालायचात, आणि दुसऱ्यानंतर थेट चौथं यायचं. एकदा मी विचारलं, "सर, तिसरं कुठं गेलं?" तुम्ही डस्टर टेबलावर आपटलंत. "ते गाण्याचं नाही. बस खाली." मी बसलो, तो बसलोच.

आता आयर्लंडात, मुलाकडे स्वोर्ड्स गावी राहतो. ते खडक इथून फार लांब नाहीत. पहिल्यांदा पाहिले तेव्हा भर वाऱ्यात शेवटचं कडवं मोठ्यानं म्हटलं, सून म्हणाली, "बाबा, लोक बघतायत." आज दुपारी लायब्ररीत नातीच्या वर्गाला आजी-आजोबा गोष्टी सांगणार आहेत, आणि मी जहाज गाणार आहे. त्यासाठी नातीनं ते कंप्युटरवर शोधलं आणि काल जेवताना वाचून दाखवलं. मधली काही वर्षं ते आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं नेत होतं. तळात साखळदंडांनी जखडून, विकायला.

मुलगा म्हणाला, "बाबा, लहान मुलं आहेत. तेवढं स्किप करा, बाकी गाणं ग्रँड आहे."

"नो वे, आजोबा!" नात ताडकन म्हणाली. "माय बेस्ट फ्रेंड विल बी सिटिंग राइट देअर."

ही मैत्रीण समोरच्या घरातली. तिचे आईवडील नायजेरियातून आलेले. तिच्यासमोर सांगायचं, की तिच्यासमोर गाळायचं? मला दोन्हीची धास्ती वाटते आहे.

सकाळपासून तिसरं कडवं रचायला बसलोय, तुमच्याच चालीत. चाल ऐकत नाही, सर. कसलेही शब्द घाला, ती नाचायलाच लागते. तुम्ही का थांबलात ते आत्ता कळतंय. पण तुम्ही निदान आकडा मोकळा ठेवलात, जागा बुजवली नाहीत. खरं सांगतो, मी मघाशी मुलाला "बरं" म्हणून टाकलंय. आणि मी तर आकडेही म्हणणार नव्हतो.

मध्येच बेल वाजली म्हणून उठलो. दारात त्या मैत्रिणीची आजी, डोक्याला निळा रुमाल बांधलेली. गेल्याच आठवड्यात लेकीकडे आली आहे, आमची अजून ओळखही नाही. तिचं इंग्रजी माझ्याहून बरं. म्हणाली, "तुम्ही जहाजाचं गाणं म्हणणार म्हणे. मीही येते. मला जरा कमी ऐकू येतं, अगदी पुढे बसले तर चालेल ना?" मी तिला आत घेतलं, खुर्ची दिली. बसता बसता तिनं विचारलं, "आणि त्या जहाजात असायचं काय?"

पत्र इथंच ठेवतो, सर. ती उत्तराची वाट बघतेय.