रोपांच्या पाण्याचा ट्रॅक्टर

देगलूर,
श्रावणातला दुसरा सोमवार, १९८३

प्रिय तम्मा,

तुझं पत्र आणि सोबतचं चित्र पोचलं. चित्र घरात कुणाला दाखवलं नाही. आज उपवास आहे, उगाच सगळ्यांना हसवून पाप कशाला लावू. मध्ये चौथरा, चौथऱ्यावर अप्पांचा ट्रॅक्टर, भोवती साखळी, आणि साखळीच्या आत फवारा. फवारा! उन्हाळ्यात बायका टँकरमागं घागरी घेऊन धावतात, त्या तुमच्या फवाऱ्याकडं बघून तोंड धुतील वाटतं. लातूरचा जिल्हा झाल्यापासून तुम्हा कारकुनांची चालच बदलली आहे. जसं काही उस्मानाबादेहून अख्खा जिल्हा तुम्हीच पाटीत घालून डोक्यावरून आणला. आणि चित्रात चौथऱ्याखाली संगमरवरी पाटी, ‘बहात्तरच्या दुष्काळात रोपे जगविणारे वनसेवक कै. शरणप्पा’. वनसेवक म्हणे! अप्पा जंगलखात्याचे ड्रायव्हर होते. हा शब्द त्यांना कुणी तोंडावर म्हटला असता तर त्यांना शिवी वाटली असती.

तुझी ती स्मारक समिती ट्रॅक्टर बघायला आली होती. तिघं जण, तिघांचेही बूट पांढरे. एकानं विचारलं, “बाई, हा चालू आहे का?” चार वर्षं माझ्या परसात उभा आहे, सीटखाली कोंबड्या अंडी घालतात, आणि चालू आहे का! दुसरा म्हणाला, मूळ लाल रंग द्यायचा. मूळ रंग हिरवा होता. मी चहा अर्धा-अर्धा कपच दिला.

ते गेल्यावर मी अण्णाराव मिस्त्रीला बोलावलं. त्यानं दोन तास खालीवर केलं आणि म्हणाला, “अक्का, अंग मेलंय, पण इंजन जित्तं हाय.” नुसता रंग फासून उभा करायचा तर आठवड्याचं काम. इंजन काढून पिठाच्या चक्कीला बसवायचं तर तेही होईल. पण या ट्रॅक्टरला इंजन हाच कणा. ते काढलं की दोन तुकडे, मग चौथऱ्यावर मांडायला काही उरत नाही. “दोन्ही होनार न्हाई. कोन्तं करायचं ते घरात ठरवा,” म्हणाला. घर म्हणजे तू आणि मी. खात्यानं लिलावात काढला तेव्हा अप्पांनी घेतला, पावती त्यांच्या नावावर आहे, त्यामुळं तुझी सही लागते. सही लागत नसती तर हे एवढं लिहीत बसले नसते.

तुला आठवतं ते तू लिहिलं आहेस: उदगीर रस्त्यावरची रोपवाटिका, ट्रॅक्टरमागं पाण्याची टाकी, मडगार्डवर बसलेला तू. छान आठवतं तुला. पण तू दिवाळीपर्यंतच होतास तिथं, नंतर लातूरच्या बोर्डिंगात गेलास. मी मागं राहिले. मॅट्रिक झालेली, अक्षर चांगलं, म्हणून टाकीची वही मी लिहायची. अप्पा सांगायचे, मी लिहायची: आज सागाच्या रोपांना तीन टाक्या, आज दोन. अप्पा लोकांना वही दाखवायचे, “पोरीचं अक्षर बघा, छापल्यासारखं.”

आता जे लिहिते ते उभ्यानं वाचू नकोस, बस. त्या टाक्या रोपांना गेल्या नाहीत. एखादी जायची, बाकीच्या संगप्पा मालकाच्या मोसंबीला. पैसे घेतले नाहीत अप्पांनी, एवढं त्यांच्या बाजूनं लिहिते. संगप्पाचा बोर्डिंगात शब्द चालायचा. त्या साली लातूरला पोरांच्या रांगा होत्या, दोन वेळच्या भाकरीसाठी लोक पोरं सोडून जात होते, आणि तुला मात्र पहिल्या दिवसापासून ताट मिळालं. तुला काय वाटलं, तुझे मार्क बघून? चाळीस टक्के पडले होते तुला.

रोपं वाळली. साहेब आला, त्यानं माझी वही बघितली, वहीत पाणी भरपूर. मग पाणी देऊन रोपं मेली कशी, तर राखणदारानं आळ्यात सोडलंच नाही, झोपा काढल्या. राखणदार मडिवाळप्पा काका. एका दिवसात काढून टाकलं त्यांना. कमलम्मा काकूसकट खडी फोडायला गेले ते. अप्पा उभे होते, मी उभी होते. रोज सकाळी इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करणारी मी, तोंड उघडलं नाही. तुझ्या चौथऱ्याला हसले ना वर, त्याहून जास्त मी या पोरीच्या छापल्यासारख्या अक्षराला हसते. खंडेनवमीला अप्पा कोयता, विळा, अगदी माझी सांडशीसुद्धा पुजायचे, पण ट्रॅक्टरला विभूती लावू द्यायचे नाहीत. “त्याला नको,” एवढंच. मला वाटायचं, सरकारी लिलावाची वस्तू म्हणून असेल. म्हणजे असं वाटतंय असं मी स्वतःलाच दाखवायचे.

मडिवाळप्पा काका आता इथून तीन कोसांवर राहतात. खडीच्या धुळीनं छाती गेली आहे. काकू लोकांची मिरची कांडून चालवतात. त्या गावात चक्की नाही, वीज खांबापर्यंत येऊन थांबली आहे. म्हणून मिस्त्रीला घेऊन मी गेल्या सोमवारी तिथं गेले, ‘चक्कीला हे इंजन तुम्ही घ्या’ म्हणाले, आणि अकरा वर्षांचं सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, शिव्या देतील. काकू तर मुसळ थांबवायला तयार नव्हत्या. काका खोकत खोकत म्हणाले, “नीलम्मा, मला ठावं होतं की गं. टाकी गळकी होती तुमची. फुफाट्यात वली रेघ उठायची, ती रोपवाटिकंच्या अलीकडंच मालकाच्या बागंकडं वळायची. आंधळा होतो का मी?” मग बोलला का नाहीत, विचारलं. तर म्हणाले, “पोरगं जेवून राहिलं होतं तिकडं. बोललो असतो तर ताटावरून उठवलं असतं त्याला.”

तम्मा, इंजन माझ्या हातून घ्यायला ते तयार नाहीत. “ज्याच्यासाठी गप बसलो त्यानं दिलं तर घेईन. न्हाईतर करू द्या त्याला चौथरा, आपलं काई म्हननं न्हाई.” काका दिवाळी बघतील असं मला दिसत नाही, मिस्त्रीलाही दिसलं नाही. तेव्हा सहीचा कागद पोस्टानं पाठवू नकोस. शनिवारच्या एसटीनं ये. समितीला आणू नकोस, हार आणू नकोस, ‘वनसेवकांचे चिरंजीव’ म्हणून ओळख करून देऊ नकोस. त्यांच्या दारात जमिनीवर बस आणि तिथं सही कर. काकू जेवायला वाढतील, त्यांनी ठरवूनच ठेवलं आहे. जेव. ते जेवण तुला गिळवलं, तर मग तुला भाऊ म्हणायचा मी पुन्हा विचार करेन.

तुझीच, आणि त्या वहीचीही,
नीलम्मा अक्का