सुकाळातला अविश्वास ठराव

तालुका इंदापूर,
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय इंद्रजितदादास,

सप्रेम नमस्कार. रेश्मावहिनींना नमस्कार, श्रेयाला पापा. इकडे कालव्याला पाणी भरपूर, ऊसतोड सुरू झाली आहे. गुळाची ढेप कुणाबरोबर तरी पाठवते.

परवा फोनवर तू विचारलंस, "काय सरपंचबाई, कारभार कसा चाललाय?" मी रेंज नसल्याचं निमित्त करून फोन ठेवला. दादा, मी आता सरपंच नाही.

टंचाईच्या साली तुझं ऐकून मी पंचायतीची शिल्लक मोडली, ओढा खोल केला, गावाच्या हाताला काम दिलं. लोकांनी डोक्यावर घेतलं. तेव्हा तूच म्हणालास, तुमच्या अर्थशास्त्रातल्या केन्सचं हे अर्धंच झालं. वाईट दिवसांत सरकारनं सढळ हातानं खर्च करावा, बऱ्या दिवसांत हात आखडून पुढची सोय करावी. यंदा बरे दिवस आले. शिवेवरच्या नव्या कंपनीचा कर जमा झाला. मी ग्रामसभेत म्हटलं, यातला निम्मा पैसा मुदत ठेवीत टाकू, घरपट्टी आहे तशीच राहू दे.

सभा पेटली. घरपट्टी कमी करा, वेशीवर कमान बांधा! ओढ्याच्या कामावर पाट्या उचलून जिनं घर जगवलं, ती फुलाबाई उठली. वाटलं, ही तरी माझ्या बाजूनं बोलेल.

"बाई, दुष्काळात तुमी पैका सोडला, लई उपकार झालं. आता पानी हाय, पैका हाय, तरी न्हायच म्हणता. मग आमी सुख बघायचं कवा?"

टाळ्या पडल्या. तिचंही खोटं नव्हतं.

पुढं सदस्यांनी अविश्वास ठराव आणला, आणि गावानं गुप्त मतदानात तो उचलून धरला. इथवर मी सोसलं असतं.

ठराव कुणी मांडला, ते लिहायला हात धजत नव्हता. ह्यांनी मांडला. रविराजनी. उपसरपंच म्हणून ते उठले, तेव्हा मला वाटलं, माझी बाजू घ्यायलाच उठलेत. त्यांनी माझ्याच नावानं अविश्वासाचा ठराव वाचला.

घरी आल्यावर विचारलं, "माझं चुकलं होतं का?"

"न्हाय. सोळा आणे बरोबर होतं."

"मग?"

"निवडणूक तोंडावर हाय. तू साठवणार, निवडून येणारा दुसराच उधळणार. त्याची कमान हुण्यापरीस आपली झालेली काय वाईट? आन् टळलेला दुष्काळ कुणाला दिसतोय? त्याला मत कोन देतंय?"

असं म्हणून त्यांनी शांतपणे भाकरी मोडली.

दादा, न पटलेल्याला समजावता येतं. पटलेल्याला काय समजावू? बाकीचे सदस्यही एकेकटे भेटून हेच सांगून गेले. तू वर्गात 'सरकार' म्हणतोस, ते मला कुठंतरी मंत्रालयात असतं असं वाटायचं. ते माझ्याच ताटाशेजारी जेवायला बसतं, आणि त्याला सगळं कळतं!

कारभार आता ह्यांच्याकडे आहे. कमानीच्या पायाचा नारळ मी फोडावा, असा निरोप काल मला माझ्याच घरात मिळाला. मी नाही म्हणाले. पुढच्या निवडणुकीला मी उभी राहणार, तेच ठेवीचं बोलणार, हेही सांगितलं. ह्यांच्याविरुद्ध.

लिहिलेलं खोडत नाही.

तुझी,
भेदरलेली, तरी मागं न हटलेली,
दिपाली