भाजलेल्या मातीचा श्वास

सोलापूर, २९ जुलै १९७६

कोरड्या कुंडीत पाणी ओतले की मातीतून बुडबुडे उठतात, हे आपण सर्वांनीच पाहिले आहे. कारण सोपे आहे : कणांमधल्या पोकळ्यांत पाणी शिरते आणि तिथली हवा बाहेर पडते. पण मातीत जीव असेल, तर तोही वायू सोडतो. मग नुसती हवा कोणती आणि उच्छ्वास कोणता, हे ओळखायचे कसे? मंगळावर उतरलेल्या यानापुढे आज नेमका हाच प्रश्न आहे. नव्या शाळेतला पहिला तास मी त्यानेच सुरू केला. मुले खूश, मीही. खोली हवेशीर आहे. घरमालकीण केराबाई एकट्या, फटकळ, पण मायाळू. रविवारी बायको रंभा माहेराहून, करमाळ्याहून, बाळाला घेऊन येईल. लेकीला मी अजून डोळे भरून पाहिलेलेही नाही!

३१ जुलै, नागपंचमी

यान मंगळाच्या मातीला पोषक द्रव पाजणार आहे. मातीचा दुसरा वाटा मात्र आधी भाजून घ्यायचा, म्हणजे त्यातला जीव मरेल. भाजलेली माती गप्प राहिली, तर पहिलीतला वायू जिवाचा. किती सुंदर युक्ती! मुलांना दाखवण्यासाठी मी न्हाणीच्या कोपऱ्यातली काळी माती उकरली. केराबाईंनी थट्टा केली, की मंगळावरची माती संपली व्हय मास्तर, म्हणून माझ्या न्हाणीवर आलासा? मी स्टोव्हवर तवा ठेवताच मात्र त्यांचे हसू मावळले. आज भुई उकरत न्हाईत, तवा तर ठेवतच न्हाईत. त्यातनं तितं आमच्या समद्या लेकरांची वार पुरलीया, बाळामागनं पडती ती, असे त्या म्हणाल्या. मी त्यांना जंतुशास्त्र समजावले आणि माती लाल होईतो भाजली. दोन बाटल्या, दोन्हींत गूळ घातलेले दूध, तोंडांना फुगे.

२ ऑगस्ट

काल रंभा आली. लेक मुठी वळून झोपते. कच्च्या मातीचा फुगा अपेक्षेप्रमाणे फुगला. भाजलेल्या मातीचाही. भाजण्यात माझी कसर राहिली असावी.

३ ऑगस्ट

भाजलेल्या मातीचा फुगा फुगतो आणि बसतो. पुन्हा फुगतो. वायू सुटणे समजू शकते. सुटलेला वायू परत आत ओढणारी माती मी कोणत्याही पुस्तकात वाचलेली नाही.

५ ऑगस्ट

पाळण्याशेजारी बाटली धरून पाहिले. फुगा चढतो तेव्हा लेकीची छाती उतरते. दर वेळी. ती दूध घेत नाही. डॉक्टर सर्दी म्हणाले. केराबाई म्हणाल्या, भाजल्याला तहान लागती, मास्तर. माती जाग्यावर घाला आन् माफी मागा.

६ ऑगस्ट

घातली. माफीही मागितली — मी, विज्ञानाचा शिक्षक. वर दगड ठेवला. सकाळी दगड किंचित वर उचलला जात होता — खाली बसत होता —

७ ऑगस्ट

लेकीचे ओठ निळे. रंभा डॉक्टरांकडे धावली आहे, केराबाई बरोबर. मी पाळण्याजवळ. न्हाणीतून आवाज — संथ — पोट भरल्यासारखा —

श्वास चालू आहे का, हे पाहण्याची कसोटी साधी आहे. कोणालाही करता येईल. कोरडा आरसा नाकाशी धरा, काच धुरकटते. माझ्या नाकाशी धुरकटली. न्हाणीतल्या मातीवर धरला — धुरकटली. पुसला. लेकीच्या नाकाशी — नीट धरला नसेल — पुन्हा धरला — काच कोरडीच —