दुसरा आणि चौथा स्लॉट

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, धंदा गिऱ्हाइकाच्या कामाप्रमाणे डेस्कटॉप कॉम्प्युटर जोडून देणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय वकीलबाईंकडून लिहवून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. माझे दीर अधूनमधून याबद्दल शंका काढतात, ती विचारात घेऊ नये.

१. राहते घर माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावे. न्हाणीघराचे दार उचलून लावावे लागते, ढकलून लागत नाही.

२. बँकेतील ठेवही तिलाच. ती आधी नको म्हणेल, कारण स्वभाव माझ्यावर गेला आहे. वकीलबाईंनी दुसऱ्यांदा विचारावे.

३. दुकान दीरांना. माझे पती गेले तेव्हा आता गाशा गुंडाळा असे सांगणारे पुष्कळ होते. दीरांनी मात्र तेराव्या दिवशी शटर वर केले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही जोडा, मी गिऱ्हाईक सांभाळतो." तेव्हापासून एकवीस वर्षे आम्ही रोज भांडत एकत्र काम केले. टेबलावरची हत्यारे, त्यात लोहचुंबकी टोकाचा लांब स्क्रूड्रायव्हरही, त्यांचीच. प्रोसेसर थंड राहावा म्हणून त्यावर लावायची पेस्ट वाटाण्याएवढी घ्यावी. ते पावाला लोणी फासावे तशी फासतात. हे त्यांना तोंडी सांगून मी थकले, म्हणून आता कायदेशीररीत्या सांगत आहे.

४. शाळेचे मुख्याध्यापक पंधरा वर्षे माझ्याकडे येत आहेत आणि दर वेळी मशीनच्या कॅबिनेटमध्ये रंगीत दिवे मागतात. दिव्यांनी वेग वाढत नाही. तरीही दुकानात उरलेल्या दिव्यांच्या सगळ्या पट्ट्या त्यांना द्याव्यात. हौस आहे माणसाला.

५. माझी निळी वही. प्रत्येक मशीनचे एक पान, पानावर ठरलेल्या अकरा ओळी. रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, दोन पट्ट्या असतील तर त्या दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटच्या खाचेत, तरच दोन्ही वाटांनी काम होते. मशीनची मूळ सेटिंग असते त्या बायोसमध्ये रॅमचा पूर्ण वेग सुरू केला की नाही. हवा पुढून आत, मागून बाहेर. तासभर पूर्ण भार देऊन तापमान. एकेक काम झाले की खूण करायची आणि मगच मशीन दाराबाहेर. या वहीच्या जोरावर मी कोणालाही बोलायचे बाकी ठेवले नाही. वही दीरांनी घ्यावी, पण पान एकशे बारा वाचूनच.

६. पान एकशे बारा हे मुलीच्या मशीनचे आहे.

मुलगी इमारतींचे आराखडे करते. सात वर्षांपूर्वी एका वाचनालयाच्या इमारतीच्या स्पर्धेसाठी तिला बारा चित्रे द्यायची होती. खरी वाटावीत अशी चित्रे काढायला मशीनला पुष्कळ ताकद लागते. मी तिच्यासाठी स्वतः मशीन जोडले. तिला लहानपणापासून पंख्याचा आवाज सोसत नाही, म्हणून प्रोसेसरवर मोठा, अजिबात आवाज न करणारा कूलर बसवला.

ती दोनदा म्हणाली, "आई, हे फार हळू चालतंय गं." मी म्हटले, "मशीनला काही झालेलं नाही. तुझ्या फाइल्स अवाढव्य आहेत आणि तुला धीर नाही." दीर म्हणाले, "वहिनी, एकदा उघडून तर बघू." मी त्यांना, तुम्ही गिऱ्हाईक सांभाळा, असे सुनावले. मुदत संपली तेव्हा बारापैकी नऊ चित्रे झाली होती. तिचे काम बघितलेदेखील गेले नाही. मशीन दुकानात आणून ठेवत ती एवढेच म्हणाली, "तुझं तुझ्यापाशीच ठेव." तेव्हापासून अबोला आहे. आजारपणात औषधे पाठवते, स्वतः येत नाही.

या मृत्युपत्रासाठी सामानाची यादी करताना मागच्या महिन्यात मी ते मशीन उघडले. रॅमच्या दोन्ही पट्ट्या तिसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये होत्या, म्हणजे काम एकाच वाटेने चालले होते. त्या मोठ्या कूलरचा पंखा दुसऱ्या स्लॉटच्या आड येत होता. पंखा थोडा वर सरकवून पट्टी मग नीट लावू, पूर्ण वेगही तेव्हाच सुरू करू, असे म्हणून मी काम तात्पुरते भागवले आणि विसरले. वहीत मात्र अकराच्या अकरा खुणा आहेत. घरचेच मशीन म्हणून मी त्या आधीच करून ठेवल्या होत्या.

मी पंखा सरकवला, पट्टी हलवली, वेग सुरू केला. डिस्कवर तिचे वाचनालय तसेच होते. आधी एका चित्राला एक्कावन्न मिनिटे लागत होती, आता तेहतीस लागली. तीनदा मोजून पाहिले. तेवढ्याच वेळात तिची बारा चित्रे होऊन वर तासभर उरला असता. दीर शेजारी उभे होते. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर बरे वाटले असते.

चूक माझी होती. तिच्या फाइल्सची नव्हती, धीराचीही नव्हती. हे मशीन मुलीला द्यावे आणि हे कलम तिला मोठ्याने वाचून दाखवावे.

७. इथवर लिहून झाल्यावर वकीलबाई म्हणाल्या, "फोन का नाही करत तिला?" मी म्हटले, "मी असले तर ती भांडेल. नसले तर निदान ऐकून तरी घेईल." त्या म्हणाल्या, "आणि ऐकल्यावर तिला तुम्हाला काही विचारायचं असलं, तर?"

म्हणून अट घालते. येत्या रविवारी सकाळी मी मशीन घेऊन मुलीच्या दारात जाईन. तिने आत घेतले तर कलम सहा रद्द समजावे. नाही घेतले तर कायम.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे.

सही : दुकानातली आक्का
साक्षीदार : १. डॉक्टरीणबाई २. शेजारचे झेरॉक्सवाले
स्थळ : दुकान, मागची खोली
दि. ६ मार्च २०२४

पुरवणी

कलम सहा रद्द. वस्तू मालकिणीच्या ताब्यात दिली. रॅमचे मी दारातच, मशीन खाली ठेवायच्या आधी सांगून टाकले. मुलीने आत घेतले आणि टेबलावरचे कागद बाजूला करून जागा केली. मी वायर लावून बटण दाबले. तिने कॅबिनेटला कान लावला आणि म्हणाली, "चालू आहे ना गं? आवाजच येत नाहीये."

मी म्हटले, "चालू आहे."

सही : आई
साक्षीदार : १. झेरॉक्सवाले (गाडी यांचीच) २. मुलीच्या समोरच्या घरातील शिक्षिका
स्थळ : मुलीच्या घरचे जेवणाचे टेबल
दि. १० मार्च २०२४, रविवार